मुदत सरकारलाही असावी

सीमाशुल्क खात्याचे अंमलदार पोलीस नसले, तरी अटकेची कारणे त्यांनी लेखी नोंदवावीत, ती आरोपीस कळवावीत आणि अटकपूर्व जामिनाचा मार्ग त्यास मोकळा असावा, हा राधिका अगरवाल खटल्यातील 27 फेब्रुवारी 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा स्वागतार्ह आहे. परंतु 1962 चा सीमाशुल्क कायदा साठी उलटून गेल्यावरही ही साधी गोष्ट न्यायालयास समजावून सांगावी लागते, यातच खात्याची रीत उघड होते. धाक तत्काळ आणि तपास सावकाश, ही ती रीत.

या रीतीचा ठळक नमुना आमच्या शेजारी चाकणला कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन कंपनीच्या प्रकरणात दिसतो. जवळजवळ संपूर्ण मोटारगाडी सुट्या अवस्थेत आणून, 30 ते 35 टक्के जकात टाळण्यासाठी ती निरनिराळ्या खेपांतून केवळ सुटे भाग म्हणून दाखविली आणि 5 ते 15 टक्क्यांवर भागविले, असा आरोप ठेवून खात्याने सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 140 कोटी डॉलरची, म्हणजे बारा हजार कोटी रुपयांच्या घरातील नोटीस बजावली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. तेव्हा ती दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील.

आमचा सवाल निराळा आहे. ही मागणी 2012 पासूनच्या आयातीवर आहे. या काळात प्रत्येक खेपेमागे बिल ऑफ एंट्री दाखल झाले, त्यावर मालाचे वर्णन, वर्गीकरण आणि किंमत लिहिलेली होती, जकात भरली गेली आणि माल बंदराबाहेर पडला. कोडियाक आणि टिग्वान गाड्या रस्त्यावर धावत होत्या. हे सारे सरकारी दप्तरात रुजू होत असताना खाते काय करीत होते? कंपनीने माहिती तुकड्यातुकड्याने दिली, म्हणून विलंब झाला, असे खात्याचे म्हणणे. असेलही, परंतु माहिती दडविणाऱ्यासाठीच तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28 मध्ये नोटिशीची दोन वर्षांची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढविलेली आहे. एक तप लोटल्यावर आलेली, बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तशी, ही जाग कोणत्या कलमात बसते?

मुदतीच्या या प्रश्नावर युरोपकडे पाहण्याजोगे आहे. युरोपीय संघाची सीमाशुल्क संहिता एक असली, तरी शिक्षेचे कायदे सत्तावीस देशांचे सत्तावीस आहेत. एके ठिकाणी जे कृत्य दंडावर निभावते, तेच दुसऱ्या ठिकाणी फौजदारी गुन्हा ठरू शकते. ही विसंगती दूर करण्याचा 2013 चा मसुदा तसाच पडून राहिला. तो संघही काही धुतल्या तांदळासारखा नाही : सुट्या भागांवर अख्ख्या गाडीची जकात बसविणाऱ्या चीनविरुद्ध 2006 साली जागतिक व्यापार संघटनेत फिर्याद नेणाऱ्या युरोपानेच 1987 मध्ये जपानी जुळणी-कारखान्यांतील मालावर जकात बसविण्याचा नियम केला होता. तथापि मुदतीची मर्यादा तेथे स्पष्ट आहे : साधारण तीन वर्षे, आणि फौजदारी स्वरूपाचे कृत्य असेल तर पाच ते दहा. सरकारलाही घड्याळ पाहावे लागते, एवढे तरी तिकडे मान्य आहे.

बड्या कंपन्यांना नामांकित वकील देता येतात. सांगवीत राहून भोसरीत चार यंत्रांचा कारखाना चालविणाऱ्या लघुउद्योजकाने जर्मनीहून बेअरिंगची एखादी पेटी मागविली आणि वर्गीकरणावरून ती अडली, तर त्याला विलंबशुल्क, दलालाचे फोन आणि समन्स यांपुढे गुडघे टेकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आपले म्हणणे खरे असूनही तो पैसे भरून मोकळा होतो. वर्गीकरणाचा प्रामाणिक मतभेद आणि हेतुपुरस्सर लबाडी यांतील सीमारेषा खात्याने जाणूनबुजून धूसर ठेवावी आणि त्या धूसरपणाच्याच जोरावर तगादा लावावा, हे कायद्याचे राज्य नव्हे.

लबाडी झाली असेल तर कागदोपत्री सिद्ध करा, व्यक्तींवर खटले भरा आणि त्यांना तुरुंगात पाठवा. आम्ही त्या निकालाचे स्वागत करू. मतभेद असेल तर तो बंदरावरच, मुदतीत निकालात काढा. आणि बारा वर्षे कागदांवर सह्या करणाऱ्या अंमलदारांची चौकशी त्याच नोटिशीबरोबर सुरू करा. कसूर सरकारची आणि भीती प्रजेची, हा व्यवहार आता पुरे झाला.