कटिशूलाची चिकित्सा आणि आपल्या नोंदी

चरकाचार्यांनी ८० नानात्मज वातविकारांची गणना करताना त्रिकग्रह, पृष्ठग्रह व गृध्रसी यांचा स्वतंत्र निर्देश केला आहे. स्फिक् प्रदेशापासून पायापर्यंत क्रमाने उतरणाऱ्या गृध्रसीच्या वेदनेचे वर्णन वैद्यवर्गास आजही चिकित्सालयात रोज पडताळून पाहता येते. निदानाची ही परंपरा समृद्ध आहे. प्रश्न आहे तो चिकित्साफलाच्या पुराव्याचा.

मणक्याच्या विकारांवरील आपल्या परिसंवादांत चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे एमआरआय चित्र शेजारी शेजारी दाखविण्याचा प्रघात पडला आहे. चकती पूर्ववत झाली, अतएव बस्तीचा गुण सिद्ध झाला, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. आमच्या मते हा निष्कर्ष टिकणारा नाही. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, चकतीचा तुकडा पूर्णपणे सुटून बाहेर आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्क्यांत तो आपोआप आक्रसल्याचे आढळले. साध्या फुगवट्यात मात्र हे प्रमाण केवळ १३ टक्के होते. म्हणजे जे चित्र सर्वांत भयावह दिसते, तेच निसर्गतः सुधारण्याचा संभव अधिक. अशा रुग्णात श्रेय औषधाचे किती व काळाचे किती, हे तुलनेवाचून सांगता येत नाही.

तुलनेचे एक उदाहरण विचारार्ह आहे. जर्मनीत दीर्घकालीन कटिशूलाच्या ६४ रुग्णांवर सहचरादि तैलाचा अभ्यंग आणि प्रचलित उष्णोपचार यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदना दोन्ही गटांत कमी झाली. दोहोंत लक्षणीय अंतर दिसले नाही. कोणी म्हणेल, हा आयुर्वेदाचा पराभव. आम्हांस तसे वाटत नाही. दोन आठवड्यांचा केवळ बाह्योपचार म्हणजे वातव्याधीची संपूर्ण चिकित्सा नव्हे. त्यात बस्ती नाही, आभ्यंतर स्नेहन नाही, प्रकृतीनुसार योजना नाही. परंतु गुण तैलाचा की उष्णतेचा, हा त्या अभ्यासाने उपस्थित केलेला प्रश्न रास्त आहे आणि कटिबस्तीलाही तो तितकाच लागू पडतो. त्याचे उत्तर आपणच दिले पाहिजे.

ते देता येते, हे पुण्यात दिसून आले आहे. सुंठ, गुळवेल, आवळा व शल्लकी यांच्या कल्पांची गुडघ्याच्या संधिवातात ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी ४४० रुग्णांत तुलना करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आयुर्वेदीय कल्प तुल्यबल ठरले. काही रुग्णांत यकृताच्या चाचणीतील वाढ आढळली, तीही लपविली गेली नाही. अशा प्रामाणिकपणामुळेच निष्कर्षास वजन येते.

प्रत्येक वैद्यास एवढा मोठा अभ्यास शक्य नाही, हे मान्य. नोंद मात्र प्रत्येकास शक्य आहे. वेदनेचा ० ते १० अंक, ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीचे गुण व उताणे झोपून सरळ पाय उचलण्याचा कोन, या तीन गोष्टी आरंभी, सहा आठवड्यांनी व सहा महिन्यांनी टिपाव्यात. सोडून गेलेल्या व गुण न आलेल्या रुग्णांची नोंद तर अवश्य ठेवावी. मूत्रावरोध, गुदप्रदेशी बधिरता किंवा पाऊल लुळे पडणे ही लक्षणे दिसताच नोंदवहीची वाट न पाहता रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधनिर्मात्या बंधूंचे उत्तरदायित्वही कमी नाही. रास्ना म्हणून एका प्रांतात एक वनस्पती व दक्षिणेत कुलिंजन वापरले जाते, हे सर्वश्रुत आहे. मग महारास्नादि क्वाथाचा गुण तपासताना आपण नेमके काय तपासतो? वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग, आणि वैद्याच्या नोंदीत निर्मात्याचे नाव व घाण क्रमांक, एवढे झाले तरी निरनिराळ्या गावांतील अनुभव एकत्र मांडता येतील.

शाखांनी एकच समान नमुना स्वीकारून पुढील वर्षभर निदान गृध्रसीच्या रुग्णांपुरता तो वापरावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. हाती येणारे आकडे अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते या पृष्ठांवर छापले जावेत. आप्तोपदेशाइतकेच प्रत्यक्षालाही प्रमाण मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांस याचे भय वाटण्याचे कारण नाही.