पळीभर तेल आणि मोहरीचा दाणा

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात एका मठाची हकिगत कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला हा मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने 1207 साली त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला द्यायचं, असं त्यात ठरवून दिलंय. ग्रहांचं गणित शिकणाऱ्या पोरांना गावचा तेली तेल पुरवत होता. शाळेच्या निधीवरचं कुठलंही भाषण ऐकलं की मला ही पळी आठवते.

त्या मठात शिकवलं काय जात असेल, हे ग्रंथांवरूनच कळतं. भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या 36व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या लीलावतीत दिव्याची उंची आणि शंकूची सावली यांची उदाहरणं आहेत. पुढे गोलाध्यायात ते सांगतात, की बांबूच्या सरळ, गुळगुळीत कांबींची कडी करावी, त्यांवर अंश आखावेत आणि खगोल बांधावा. अनेक यंत्रांची वर्णनं केल्यावर ते सगळ्यांत वरचा मान देतात धीयंत्राला. धीयंत्र म्हणजे हातात साधी काठी आणि तिच्या मागे बुद्धी. ग्रह शिकायचे तर आधी हात चालायला हवा, हे इथल्या मातीत साडेआठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

मग ती काठी सुटली कशी? नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं. त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ची, म्हणजे साइनची, कटकट टाळून ग्रह काढायची त्याची रीत फार हुशारीची होती. तो स्वतः आकाशाशी ताळा घेणारा माणूस. पण रीत इतकी सोपी झाली, की पुढच्या बहुतेकांना अंगणात यायची गरजच उरली नाही. ग्रह आधी कोष्टकात गेला, मग पंचांगात, आणि शेवटी वर्गातल्या तक्त्यावर. तरीही ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित झाले. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं गणित 1911 साली, म्हणजे प्लूटो सापडायच्या 19 वर्षं आधी, मांडणारे व्यंकटेश बापूजी केतकरही झाले. दोघेही पेशाने शाळामास्तर होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

तक्त्यावरचे ग्रह एका ओळीत, खेटून बसलेले असतात. त्यात चित्रकाराचा दोष नाही. पृथ्वी एक मिलिमीटरची काढली तर नेपच्यून साडेतीनशे मीटर लांब काढावा लागेल, आणि एवढा कागद कुठून आणायचा? म्हणून मैदान हवं.

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत सहावीच्या मुलांबरोबर मी हे करून पाहिलं. सूर्य म्हणून फुटबॉल ठेवला, 22 सेंटिमीटरचा. पृथ्वी व्यासाने सूर्यापेक्षा 109 पट लहान, मग केवढी? मुलांनी पाटीवर भागाकार केला, दोन मिलिमीटर आले. एकीने घरून मोहरी आणली होती. गुरूला सुपारी मिळाली, नेपच्यूनला हरभरा. आता अंतर. मोहरी फुटबॉलपासून साडेतेवीस मीटर दूर ठेवायची होती. अर्ध्या मीटरची ढांग टाकत मुलं मोठ्याने मोजत निघाली आणि 47व्या ढांगेला थांबली. गुरूसाठी 244 ढांगा, तिथे मैदान संपलं. नेपच्यून तर पृथ्वीच्या तीसपट लांब, म्हणजे चौदाशेच्या वर ढांगा. हरभरा मुठीत धरून चार मुलं फाटकातून बाहेर पडली, एसटीच्या थांब्यावरून पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा त्यांच्या पोटऱ्यांना कळला.

मोहरीवाली मुलगी मात्र जागची हलली नाही. 47व्या ढांगेवर दाणा तळहातावर घेऊन ती मागे वळून फुटबॉलकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, हा आपल्या रोजच्या सूर्याएवढाच दिसतोय.”

खरंच तेवढाच दिसत होता.