दाणा की आमिष?

ज्या घरांत काऊ-चिऊच्या नावाने घास भरवले गेले आणि पितृपक्षात कावळ्याच्या प्रतीक्षेत पाने खोळंबली, त्याच घरांच्या अंगणात आता दाण्याची वाटी टांगून खिडकीआडून कॅमेरा रोखला जातो. दांडिया बाजार, रावपुरा येथील वाडे सोडून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मांजलपूरच्या टेनामेंटांत आली. अंगण लाभले आणि निवृत्तीनंतर म्हणा, नातवंडांच्या हट्टापायी म्हणा, पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंदही जडला. छंदाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते उलट्या क्रमाशी : आधी कॅमेरा, मग दाणा आणि सर्वांच्या शेवटी पक्षी.

हा दोष आम्ही केवळ दुसऱ्यांच्या पदरी घालत नाही. नवा कॅमेरा घेतला तेव्हा आम्हीही पपईची फोड खिडकीपासून तीन-साडेतीन मीटरांवर ठेवली. लेन्सला तेवढे अंतर सोयीचे होते. चौथ्या दिवशी बुलबुल आला. मनासारखे चित्र मिळाले आणि त्याच क्षणी झाडीतून शिक्रा झेपावला. बुलबुल उडाला तो थेट काचेवर. काचेत त्याला आमचीच बाग दिसत होती. खाद्य काचेपासून मीटरभराच्या आत असावे, म्हणजे पक्ष्याला वेग घ्यायला जागा उरत नाही. नाहीतर ते दहा मीटरांपलीकडे असावे. ही साधी गोष्ट आम्ही नंतर वाचली. ते चित्र अजून आमच्यापाशी आहे. डोळ्यातली चमकसुद्धा त्यात स्पष्ट उतरली आहे. ते कोणाला दाखवण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही.

कोणी म्हणेल, पक्ष्यांना चारणे हे तर पुण्यकर्म. गुजरातेत गावोगावी चबुतरे उभे आहेत. खरेच आहे. पण चबुतऱ्यावर चण टाकणारा पाखराकडून काही मागत नव्हता. आपण मागतो. चित्रासाठी टाकलेला दाणा हा दाणा नव्हे, आमिष होय. शिवाय दाण्यावर येतो कोण? पारवे, होले, पोपट, चिमण्या. शिंजिराला मध हवा, शिंप्याला आणि दयाळाला किडे. दाणे टिपणारी चिमणीदेखील पिलांना अळ्या-किडेच भरवते. रोजच्या पसाभर दाण्याने अखेर पारवेच माजतात. त्यांच्या विष्ठेमुळे जडणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांवरून मुंबईत कबुतरखान्यांचा वाद 2025 मध्ये उच्च न्यायालयात गाजला, हे आपण वाचलेच आहे. न धुतलेल्या भांड्यांतून पक्ष्यांतही रोग पसरतात. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच हा पक्षी अशाच एका संसर्गाने झपाट्याने घटला. आणि उरलेसुरले शेव-गाठिये टाकणाऱ्यांविषयी काय बोलावे? मीठ-तेलाचा तो फराळ चिमुकल्या जिवाला अपायच करतो.

दाण्याची टांगती वाटी ही मुळात हिमाच्या प्रदेशातली सोय. तिथे हिवाळ्यात अन्न बर्फाखाली गाडले जाते. आपल्याकडे टंचाई असते ती मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, आणि ती पाण्याची असते. पाणी काय करते याचा दाखला बडोदेकरांना दूर शोधायला नको. डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या सिंचनासाठी झाला. तिथे कोणी दाणे पसरले नाहीत; तरी हिवाळ्यात हजारो बदके आणि हंस उतरतात, आणि 2021 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आपल्या ओट्यावरचे मातीचे पसरट भांडे हा त्या तलावाचाच धाकटा भाऊ. ते रोज घासावे, रोज भरावे. कुंपणाशी अडुळसा, जास्वंद, कढीपत्ता लावावा. जागा असेल तर उंबर लावावा. तो एकटा शंभर वाट्यांचे काम करतो.

‘मग नवशिक्याने शिकावे कसे?’ हा आक्षेप रास्त आहे. सालिम अली यांच्या पक्षिविद्येचा आरंभ बालपणी हाती आलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीने झाला; ‘ही कोणती?’ हा प्रश्न त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेला. आपल्या नातवंडांकडे आज शेकडो चित्रे असतात, तो प्रश्न मात्र नसतो. दयाळ, शिंजीर, टकाचोर, तांबट, सातभाई ही नावे आपल्या आजोळी सहज कानांवर पडत. परप्रांतात चार पिढ्या मराठी जपल्याचा अभिमान आपण मिरवतो. ही नावे मात्र आपल्याच अंगणात आपल्या डोळ्यांदेखत पुसली जात आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पहिले आठ दिवस कॅमेरा कपाटात राहू द्या. ओट्यावर बसून कोण, केव्हा, कुठल्या फांदीवर येतो ते वहीत टिपा. मग पाण्यापासून हातभर अंतरावर एक वाळकी फांदी रोवा, सकाळचे ऊन पाठीशी घ्या, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा आणि पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरा. फ्लॅश नको, ध्वनिमुद्रित साद घालणे नको आणि घरट्याजवळ तर मुळीच जाणे नको. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि मराठी नाव लिहा. नाव ठाऊक नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनाही आठवले नाही तर पक्षिकोश उघडा. पण ती जागा कोरी सोडू नका.