पहाटेची धडधड आणि मोबाइलमधला सल्लागार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या वेळी लहान असलेली मुले आज चाळिशीत आहेत. रस्त्याने जड ट्रक गेला, मांडणीवरची भांडी वाजली, की त्यांतील काहींच्या छातीत अजूनही धडधड सुरू होते, घाम फुटतो, अंगणात पळावेसे वाटते. हा भित्रेपणा नव्हे. आघाताच्या वेळचा आवाज वा हादरा मेंदू धोक्याची खूण म्हणून जपून ठेवतो. ती खूण पटली की विचार करण्याआधीच शरीर पळायच्या तयारीला लागते.

पहाटे चार वाजता उठवायचे कोणाला? घरचे म्हणतात, "इतकी वर्षे झाली, आता विसर." मग माणसे मोबाइलमधल्या चॅटबॉटला विचारतात. पेशंट मला तसे सांगतात आणि मी त्यांना रागावत नाही. त्या वेळी माझाही दवाखाना बंदच असतो! पण या यंत्राने काय बोलावे, याबद्दल माझे मत ठाम आहे.

आधी त्याने विचारावे, "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का?" प्रत्येक थरथर जुन्या आठवणीची नसते. शेजारच्या खोलीत मारझोड करणारा नवरा असेल, तर त्या बाईला श्वासाचे व्यायाम नकोत, ११२ क्रमांक हवा. छातीत दुखून कळ हाताकडे जात असेल, तर थेट रुग्णालयात पाठवावे. यंत्राला नाडी बघता येत नाही, हे त्याने विसरू नये.

"नेमके काय घडले, सगळे सांगा," असे तर मुळीच म्हणू नये. मन मोकळे केले की बरे वाटते, असा आपला समज. पण आघात झालेल्याला बोलायला भाग पाडू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ ची पुस्तिका बजावते. आपणहून सांगितले तर ऐकावे. एरवी छोटी वाक्ये पुरेत. पाय जमिनीवर टेकवा, भिंतीला हात लावा, आज कोणते साल आहे ते मोठ्याने म्हणा, श्वास सावकाश सोडा. थरथरत्या हातात धरून कोणी लांबलचक प्रवचन वाचत नाही.

मला खरी धास्ती आहे ती गोड बोलण्याची. "आता कधीच स्लॅबखाली झोपणार नाही," असे कोणी म्हटले की यंत्राने "योग्य निर्णय" म्हणून मान डोलावू नये. आजची रात्र ओसरीवर काढायला हरकत नाही. पण टाळत गेले की भीती वाढते; आधी खोली सुटते, मग पाहुण्यांकडे जाणे. भीतीला हळूहळू सामोरे जाण्याचे उपचार आहेत, ते प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यावेत. यंत्राने तो प्रयोग पहाटे चारला करू नये.

आणि आपण माणूस असल्याचा आव आणू नये. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलिझा' हा संगणकी कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून विचारी, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. ते पाहून खुद्द वायझेनबाउमच अस्वस्थ झाले.

जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली, तर "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा. तो रात्रंदिवस चालू असतो, तेथे मराठीतही बोलता येते. आणि घरातल्या कोणाला तरी आत्ताच्या आत्ता उठवायला सांगावे.