खंडेनवमीला बॉनेट उघडता का?

मंडळी, खंडेनवमी आली की आपल्या बेळगावात सगळ्यांना एकदम गाड्या आठवतात. आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरसमोर ही रांग! घरी झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, कोहळा. उद्यमबागेत तर लेथ आणि ड्रिलिंग मशीनसुद्धा हळदीकुंकू लावून बसतात. छानच वाटतं. पण माझं एक म्हणणं आहे, काहींना पटणार नाही. गाडी बाहेरून कुठंही धुवून घ्या, बॉनेटखालचं मात्र घरीच, आपल्या हातानं आणि जवळजवळ कोरडंच साफ करा. तिथं प्रेशरची गन नको.

आमचे अण्णा उद्यमबागेत लेथवर होते. दारात कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती 800. अष्टमीला सकाळी, इंजिन थंड असताना, ते बॉनेट उघडायचे. सामान काय, तर रंगाचा जुना ब्रश, टूथब्रश, कॉटन वेस्ट, आईच्या लुगड्याचे तुकडे आणि तांब्याभर पाणी. आधी काचेखालच्या खोबणीत पावसाळाभर साचलेली आंब्याची पानं काढायची. ती राहिली की पाणी जायची भोकं बुजतात आणि पुढच्या पावसात पाणी थेट पायाखाली येतं. मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा धरलेला असायचा. सोडताना मायनसची वायर आधी, जोडताना शेवटी. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघून खायच्या सोड्याचं पाणी टर्मिनलवर ओतलं की फसफसायचं, ते बघायला आम्ही पोरं उभी.

पण खरी गंमत पुढं. पुसता पुसता अण्णा मध्येच थांबायचे. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेनं बोट फिरवायचे, बोटाकडं बघायचे, वास घ्यायचे. कुठला डाग मागच्या वर्षीचा आणि कुठला नवा हे त्यांना माहीत असायचं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पाईप लावून धुवून टाकूया की, दहा मिनिटांत होईल." तर म्हणाले, "पाणी मारलास की सगळं पुसून जातंय. मग कुठनं गळतंय ते तुला कोण सांगणार?"

तेव्हा मला ते कंजूषपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अण्णा गेल्यानंतरच्या खंडेनवमीला मी माझी नवी गाडी बाहेर दिली. गननं धुतलं, वर चकाकणारा स्प्रे मारला. बॉनेट उघडलं तर शोरूमची गाडी! आईला बोलावून दाखवलं. ती काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी सावंतवाडीहून परत येताना आंबोली घाट चढत होतो, आई शेजारी. काटा वर वर जायला लागला. बाजूला घेऊन थांबलो. बॉनेटखालून वाफ, गोडसर वास. रेडिएटरच्या वरच्या होजपाशी, क्लिपच्या तोंडाला, कूलंट गळत होतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही एवढी अक्कल होती. आईला घेऊन पाऊण तास कठड्यापाशी बसलो, मग पाणी भरत भरत कसेबसे वर आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं क्लिप काढून दाखवली. आत रबरावर वाळलेल्या कूलंटची जुनी हिरवट खपली होती. म्हणजे गळती महिनोन् महिने थेंब थेंब चालली होती. बाहेरची खपली मी पैसे देऊन धुवून घेतली होती.

"पूर्वीच्या गाड्यांचं वेगळं होतं, आता सगळं सील असतं," असं मला सांगतात. पूर्वी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं की गाडी अडायची, तिथं हेअर ड्रायर नाहीतर ऊन हाच उपाय. आता डिस्ट्रिब्युटर नाही, पण सेन्सर आणि वायरींचे कनेक्टर कितीतरी वाढलेत. कनेक्टरचं रबर पावसाचे शिंतोडे सोसतं. जवळून मारलेला प्रेशरचा झोत ही वेगळी गोष्ट. रेडिएटरच्या बारीक पात्याही त्यानं वाकतात. आणि हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड केबलना हातच लावू नका, तिथं आपलं काम नाही.

मी आता काय करतो? गाडी रात्रभर उभी, किल्ली घरात. कोरडा ब्रश आणि टूथब्रशनं आपली लाल माती झाडायची. पाऊस संपल्यावर ती कोपऱ्याकोपऱ्यात घट्ट बसलेली असते. तेलकट जागी भांड्याच्या साबणाचं पाणी फडक्यावर घ्यायचं, इंजिनवर ओतायचं नाही. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनं झाकायचं आणि मग ती पिशवी आठवणीनं काढायची (एकदा विसरलो होतो, जाऊ दे). पेट्रोल-रॉकेल वापरू नका; आग हा एक धोका, शिवाय रबर फुगतं. चकाकणारा स्प्रे बेल्टवर पडला तर बेल्ट घसरतो. शहापुरात अजून घराघरांत आड आहेत, तेव्हा तेलाची फडकी धुवून गटारात सोडू नका.

इंजिन चकचकीत असावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. थोड्या धुळीनं त्याचं काही बिघडत नाही. उलट जुनी गाडी घ्यायला गेल्यावर बॉनेटखाली लख्ख दिसलं की अण्णांना संशय यायचा. वेळ नाही म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, वर्षातून दीड तास? तेवढ्यात तर वॉशिंग सेंटरला तुमचा नंबरसुद्धा लागत नाही.

गेल्या अष्टमीला शेजारचे काका गेटपाशी उभे राहून बघत होते. दीड तास झाल्यावर म्हणाले, "एवढं केलास, पण चमकली कुठाय?" मी त्यांना पाण्याच्या पंपाखालचा ओला ठिपका दाखवला. नवा होता. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "माझ्या गाडीचं बॉनेट कुठनं उघडतात, बघ जरा."