अनारसा हसला तर!

दिवाळीच्या तोंडावर अनारशाचे पीठ तयार झाले, की कोणतीही जाणती बाई सगळे अनारसे एकदम तुपात सोडत नाही. आधी एकच सोडते. तो जाळी धरतो की हसतो, ते पाहते. हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर ती कढई खाली उतरवते, पिठात थोडी तांदळाची पिठी मळते आणि पुन्हा एकच सोडून बघते. जन्मात पाटीवर अक्षर न गिरवलेल्या आमच्या पिंगळीच्या आजीबाईंना ही अक्कल आहे. माझे स्पष्ट म्हणणे असे, की ती अक्कल संगणकाचा कारभार पाहणाऱ्या पुष्कळ शहाण्यांना अद्याप आलेली नाही.

वाचकांना वाटेल, फराळाच्या ताटात हा संगणक कशाला? पण तो आपल्या ताटात केव्हाच येऊन बसला आहे. मागल्या खरिपात मी परभणीला एका कचेरीच्या खिडकीशी उभा होतो. माझ्या पुढे एक म्हातारा शेतकरी, हातात कागदांची पिशवी. आतून उत्तर आले, "यंत्रणा अद्ययावत होत आहे. उद्या या." म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "मग काल का नाही सांगितलं?" त्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. त्याचा दिवस बुडाला, मजुरी बुडाली, येण्याजाण्याचे भाडे बुडाले. आणि यंत्रणा मात्र 'अद्ययावत' झाली!

हा प्रकार काय आहे, ते आधी समजून घेऊ. त्या खिडकीतल्या संगणकात आपली माहिती नसतेच. ती दूरवरच्या एखाद्या शहरातल्या प्रचंड यंत्रात असते. त्या एका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून दहा-वीस 'आभासी यंत्रे' उभी करतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि प्रत्येकाची चूल निराळी असावी, तसे. अशी शेकडो यंत्रे एकेका संस्थेकडे असतात. प्रत्येकातले सॉफ्टवेअर जुने होते, त्यात चोराला शिरता येईल अशी भोके सापडतात आणि ती बुजवायला नवी आवृत्ती चढवावी लागते. माणसाने एकेका यंत्राशी बसून हे करायचे, तर आठवडे लागतात. म्हणून आता हुकूम एक, आणि रातोरात सगळी यंत्रे आपोआप नवी, अशी सोय झाली आहे.

मी या सोयीचा शत्रू नाही. हाताने करू, सावकाश करू, म्हणणाऱ्यांचे काय झाले तेही जगाने पाहिले आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. असंख्यांनी ती चढवलीच नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव त्याच भोकातून शिरला आणि इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने युक्रेनमध्ये शिरकाव केला तो हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून, आणि तो फैलावला तो इतर वाटांबरोबर त्याच जुन्या भोकातूनही. त्याची झळ आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत पोचली. मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडे असलेल्या तिथल्या धक्क्याचे काम अडले. म्हणजे आळस घातक, आणि डोळे मिटून घेतलेली नवी आवृत्तीही घातक.

पण डोळे मिटण्याचा कळस झाला तो १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक ही कंपनी संगणकांवर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर विकते. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना तिने आपल्या पहारेकऱ्याला एक छोटी फाइल पाठवली. तीत २१ रकान्यांची अपेक्षा होती, आणि सॉफ्टवेअर पुरवीत होते २०. एका रकान्याची चूक! शाळकरी मुलाच्या वहीत ती लाल शाईने दुरुस्त झाली असती. इथे मात्र तपासनीस म्हणून ठेवलेला प्रोग्रॅमच सदोष होता आणि फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. 'आम्ही एक आवृत्ती मागे राहू' अशी सावधगिरी ज्या ग्राहकांनी निवडली होती, त्यांनाही ती निवड उपयोगी पडली नाही. कारण असल्या फाइलींना ती लागूच नव्हती. इंडिगोची जवळजवळ २०० उड्डाणे रद्द झाली, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

चूक पसरली ती यंत्राच्या वेगाने, निस्तरावी लागली ती माणसाच्या हाताने. एकेका संगणकाशी जाऊन ती फाइल पुसायची. आभासी यंत्राला तर समोर कळफलकही नाही; त्याची डिस्क सोडवायची, दुसऱ्या धडधाकट यंत्राला जोडायची, फाइल पुसायची, पुन्हा परत लावायची. काही आभासी यंत्रे १५ वेळा बंद-चालू करावी लागली.

कोणी म्हणेल, चाचणीला वेळ कुठे आहे, खर्च कोण देणार? मला या युक्तिवादाची चीड आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी शेतकऱ्यांच्या हाती दिली, ती आधी प्रयोगाच्या वाफ्यांत जोखून. तिथे एका चाचणीला अख्खा हंगाम लागतो. आभासी यंत्राची हुबेहूब नक्कल मात्र थोड्या वेळात तयार होते! नव्या आवृत्तीची रंगीत तालीम तिच्यावर करता येते. चढवण्यापूर्वी यंत्राचा जसाच्या तसा ठसा घेऊन ठेवता येतो आणि बिघडले तर तिथे परतता येते. मात्र त्या ठशानंतर झालेल्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत, म्हणून माहिती वेगळी जपावी लागते, एवढेच पथ्य. ज्याच्या हाती इतकी साधने आहेत, त्याने वेळ नाही म्हणावे, हे विहिरीच्या काठावर बसून पाणी नाही म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा माझे मागणे फार नाही. आवृत्ती आधी नकलेवर चढवा. मग शंभरातल्या एकावर, मग दहांवर, मग सर्वांवर. प्रत्येक पायरीला यंत्र नीट चालते का, ते यंत्रानेच तपासावे आणि खोट दिसताच पुढचा हुकूम आपोआप थांबावा. पण थांबवण्याचा अधिकार एका जबाबदार माणसाकडेही असावा. आणि काम खिडकी बंद झाल्यावर करा. जमत नसेल तर आदल्या दिवशी दारावर पाटी लावा. म्हाताऱ्याने हेच तर विचारले होते.

त्या ७८ मिनिटांनंतर क्राउडस्ट्राइकनेही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत लागू केली. छान झाले. पण ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी फुकट मिळत होती. वेग वाईट नाही. दुसऱ्याच्या जिवावर केलेला वेग वाईट. आमच्या आजीबाईंचा अनारसा हसला, तर त्या ते हसण्यावारी नेत नाहीत. कढई खाली उतरवतात.