मृदंग मिळाला, तालमीचे काय?

आषाढात भाताची लावणी उरकते आणि आश्विनात कापणीची लगबग सुरू होते. या दोहोंच्या मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला जी थोडीशी सवड येते, तिच्यातच श्रावण आणि भाद्रपद हे सणांचे महिने येतात. जाखडी ही कोकणची लोककला या सवडीतच वाढली. गणपतीसमोर, गौरीच्या जागरणात, वाडीतील घराघरांच्या अंगणात रात्र जागवावयाची, आणि त्यासाठी आधी महिना-दीड महिना रोज रात्री तालीम करावयाची, हा क्रम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपल्याकडे मूर्ती, आरास आणि मिरवणूक यांची चर्चा पुष्कळ होते. या तालमीची चर्चा मात्र क्वचितच कोणी करतो. ती आज करणे अगत्याचे आहे.

त्याचे कारण २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यातील दोन घटनांत आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाला त्या वर्षी राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबरच राज्यातील १८०० भजनी मंडळांना वाद्यखरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचे साहाय्य शासनाने जाहीर केले. एकूण रक्कम साडेचार कोटींची. त्याच महिन्याच्या १४ तारखेस मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ रहिवाशांना पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु कोकणातील गायन-मंडळांचे भवितव्य ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे, त्यांनी त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एका घटनेने वाद्य दिले. वाद्य जेथे वाजत असे ती जागा दुसऱ्या घटनेने पालटली.

तालीम म्हणजे शाळा

जाखडीत गाणारे आणि वाजविणारे मध्ये बसतात, आणि पायांत चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोवती फेर धरतात. मृदंग वा ढोलकी, टाळ, झांज आणि चाळांचा ठेका एवढ्यावर तिची सारी मांडणी उभी असते. मुंबईकरांनी तिला 'बाल्या नाच' म्हटले. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांवरून हे नाव पडले, असे सांगतात. तिचे स्पर्धेचे रूप म्हणजे शक्ती-तुरा. तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व गातात, तर शक्तिवाले प्रकृतीचे. गण आणि गौळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात. पुराणांतील एखाद्या कथेचा आधार घेऊन एका पक्षाने कोडे घालावे आणि दुसऱ्याने ते गाण्यातच सोडवावे, अशी ही रीत आहे.

म्हणूनच येथील तालीम ही पाठ केलेल्या गाण्यांची नुसती उजळणी नव्हे. मंडळाचा कवी दरवर्षी नवी रचना करतो, शाहीर तिला चाल लावतो, गडी तिच्यावर पाय बसवितात आणि प्रतिपक्ष काय विचारील याचा खल चालतो. फेराबाहेर बसलेली पोरे झांज हातात घेऊन हे सारे ऐकत असतात. दोन-चार पावसाळे असे गेले की त्यांतील एखादा फेरात शिरतो आणि आणखी काही वर्षांनी मृदंगावर बसतो. ज्या कुणबी समाजाने ही कला विशेष निष्ठेने जपली, त्यातील कितीतरी माणसांना पुराणांचा परिचय ग्रंथांतून झालेला नाही. तो या तालमींतूनच झाला आहे. प्रयोगाची रात्र एक असते, शिक्षणाच्या रात्री मात्र तीस-चाळीस असतात. या कलेचे खरे भांडवल त्या रात्रींत आहे.

गिरणगावची खोली

कोकणी माणूस पोटासाठी मुंबईस आला तेव्हा त्याने ही तालीमही बरोबर आणली. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत एकेका गावाची सामाईक खोली असे. पाळीपाळीने कामावर जाणारे गिरणीकामगार तेथे राहत, आणि श्रावण लागला की तीच खोली तालमीची जागा होई. खोली अपुरी पडली तर चाळीची गॅलरी होती, पटांगण होते. शेजारी कुरकुरत नसत; कारण बहुधा तेही कोणत्या ना कोणत्या गावच्या मंडळाचेच असत. मुंबईत बसविलेला नाच चतुर्थीला गावी न्यावयाचा आणि गावच्या मंडळाबरोबर नाचावयाचा, यामुळे दूर गेलेल्या माणसाचे गावाशी नाते दरसाल नव्याने जोडले जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या जीवनक्रमाचा पाया हादरला. गिरण्या गेल्या, गावच्या खोल्या हळूहळू रिकाम्या झाल्या आणि चाकरमानी डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार असा पांगला. एका मंडळाचे बारा गडी बारा स्थानकांवर राहू लागले की रोजची तालीम आठवड्याची होते आणि पुढे आठवड्याचीही उरत नाही. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह हे शक्ती-तुरा आणि नमन यांच्या प्रयोगांचे मुंबईतील हक्काचे ठिकाण. तेही नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कोकणातील लोककलावंतांनी केलेला विरोध या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. प्रश्न केवळ एका नाट्यगृहाचा नव्हता. एकेक करून सुटत गेलेल्या जागांतली ती आणखी एक होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांनी दाटीवाटीने राहावे आणि लोककला जिवंत ठेवावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. बीडीडी चाळींतील कुटुंबास ५०० चौरस फुटांचे घर मिळणे हे न्यायाचेच आहे. परंतु नव्या इमारतीत घर मोठे झाले तरी गॅलरी उरत नाही. दार लावून घेण्याची सोय येते आणि त्याबरोबर शेजारच्या आवाजाची तक्रार करण्याची प्रवृत्तीही येते. चाळीने जे नकळत दिले होते, ते यापुढे कोणीतरी हेतुपुरस्सर द्यावे लागेल. आपले नियोजन नेमके येथे उणे पडते.

आकडे काय सांगतात?

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली. तीन जिल्ह्यांची मात्र घटली. रत्नागिरी जिल्हा सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्गही सुमारे ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या खाली उतरला. तिसरा जिल्हा होता मुंबई शहर. तेथील लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. गिरणगावाचा मुख्य भाग याच जिल्ह्यात मोडतो. म्हणजे ज्या दोन टोकांवर जाखडीचा दोर ताणलेला होता, त्या दोन्ही टोकांची माणसे एकाच दशकात कमी झाली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाल्यापासून चतुर्थीला गावी पोहोचणे सुलभ झाले हे खरे. पण गाडी माणसाला सणापुरते आणते. तालमीचा महिना ती आणू शकत नाही.

यावर असे सांगितले जाते की, ही कला मुळीच संकटात नाही. नामवंत शाहिरांचे सामने तिकीट लावून होतात, त्यांच्या ध्वनिचित्रफिती घरोघरी मोबाईलवर पाहिल्या जातात, मृदंगाच्या जोडीला विद्युत वाद्येही आली आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या कलावंतांच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि रंगमंचावरील शक्ती-तुऱ्याची भरभराट आणि वाडीतील जाखडीचे आरोग्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत थोडे गातात आणि पुष्कळ ऐकतात. दुसरीत जो ऐकतो तो उद्या गाणार असतो. तालीम तुटली की गावाचे रूपांतर प्रेक्षकांत होते. मग टाळीसाठी चित्रपटगीतांच्या चाली येतात, शास्त्रार्थाऐवजी उथळ टोमणे येतात. कारण कोड्याचे मर्म जाणणारा श्रोताही त्या तालमीतच घडत होता.

गावात राहिलेल्यांचे गाणे

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. २०११ च्या गणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष बाहेर गेला आणि घर, शेत व गावचा गणपती स्त्रीने सांभाळला, असा या आकड्याचा अर्थ. गौरीच्या रात्री तिची गाणी आणि तिच्या फुगड्या जागरण सजवितात. या गाण्यांची तालीम स्वतंत्रपणे होत नाही. ती जात्यावर, शेतात आणि माजघरात होत आली. म्हणून त्यांना 'मंडळ' असे नाव नाही, कार्यकारिणी नाही आणि अर्ज करण्यासाठी कागदही नाही. अलीकडे काही ठिकाणी स्त्रियांनी जाखडीचे फेर धरले आहेत, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांतही त्या उतरू लागल्या आहेत. प्रकृतीचे श्रेष्ठत्व इतकी वर्षे पुरुषांनीच गावे आणि प्रत्यक्ष प्रकृतीने पडवीत उभे राहून ऐकावे, ही विसंगती त्यांनी दूर केली. कलेला नवे गडी हवे असतील तर ते कोठे शोधावयाचे, याचे उत्तर यातच आहे.

काय करता येईल?

२०२५ ची योजना भजनी मंडळांसाठी होती. कोकणात पुष्कळदा तीच माणसे एका रात्री भजनाला बसतात आणि दुसऱ्या रात्री जाखडीच्या फेरात असतात. त्यामुळे तिचे स्वागतच केले पाहिजे. २५ हजारांत पेटी येईल, मृदंगाला नवी पुडी चढेल. पण शिकविणारा आणि शिकणारा यांची गाठ पडेलच असे नाही. पुढील साहाय्याची आखणी करताना मंडळाजवळ वाद्ये किती, याबरोबरच त्याने या वर्षी किती नव्या मुलामुलींना शिकविले, हेही विचारले जावे. वयस्क शाहिरास तालमीच्या महिन्यापुरते मानधन मिळाले, तर तो शिकविण्यासाठी मुंबईहून गावी किंवा गावाहून विरारला येऊ शकेल. श्रावणापासून दीड महिना जिल्हा परिषदेच्या शाळेची एखादी खोली रात्री दोन तास उघडी ठेवावी. मुंबई परिसरात पालिकेच्या शाळांत हीच सोय व्हावी. पुनर्विकसित इमारतींच्या सभागृहांवर जुन्या चाळीतील मंडळांचा वर्षातील काही दिवसांचा हक्क आरंभीच लिहून ठेवावा. यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

दुसरे काम बाडांचे. प्रत्येक मंडळाच्या कवीने लिहिलेली गाणी हस्तलिखित बाडांत असतात. प्रतिपक्षास सुगावा लागू नये म्हणून ती जपून, लपवून ठेवण्याचा प्रघात होता. कवी गेला की हेच जपणे त्यांच्या नाशाला कारण होते. ओल आणि वाळवी आपले काम करतात. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. कवींच्या कुटुंबांचा हक्क अबाधित राखून या बाडांच्या प्रती जमविण्याचे काम अशा संस्थेने अंगावर घेतले, तर कोकणच्या बहुजनांनी रचलेले एक मोठे वाङ्मय हाती लागेल.

उत्सवाला राज्याचा दर्जा मिळाला, ही मानाची गोष्ट खरी. पण या मानाचे सार्थक मिरवणुकीच्या भव्यतेवरून ठरणार नाही. येत्या वर्षांत भाताची लावणी उरकल्यावर किती वाड्यांतून रात्री मृदंगाचा ठेका ऐकू येतो आणि फेराबाहेर झांज धरून बसलेली किती पोरे असतात, यावरून ते ठरेल. वाद्यांची तरतूद झाली आहे. आता एका खोलीची किल्ली आणि दीड महिन्याच्या संध्याकाळी एवढीच मागणी उरते. ती पुरी करणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे नाही.